सिक परेड

युनिटात सोपं होतं.
सकाळी सहाला सिक परेड.
पाय मुरगळला, जुलाब झाले, दाढ ठणकली,
रजिस्टरात नाव, एम.आय. रूमसमोर बाक,
आणि नर्सिंग असिस्टंटची एकच पांढरी गोळी,
अर्धी मोडून, कशावरही.

इथं सोहारला
मी कोंबड्यांची राखण करतो.
गोठलेल्या. ब्राझीलहून आलेल्या.
बाहेर सेहेचाळीस, आत उणे अठरा,
दर दोन तासांनी दार उघडून आकडा लिहायचा.
दार उघडलं की वाफ बुटांवर लोळते
आणि त्या वाफेत
तुळशीदास वरुटे उभा असतो,
एकाच हातमोज्यानिशी.
दुसरा मोजा आम्हाला सापडला होता.
तो नाही.

आकडा मी लिहितो.
अक्षर बरं आहे माझं.

आधी माजी सैनिकाचं कार्ड काढलं पाकिटातून.
कोल्हापूरच्या पॉलिक्लिनिकात
अकरा वेळा घंटी वाजली, बाराव्या वेळी बाई आली.
"समक्ष या."
म्हटलं, मधे समुद्र आहे.
"मग रजेवर आलात की या."
बरोबरच होतं तिचं. वर म्हणाली, जपा.

मग कंपनीचा विमा.
खिडकीतला पोरगा तिरुवल्लाचा,
दोन बोटांनी टाइप करणारा:
"अंकल, दात नाही, चष्मा नाही, आणि हे पण नाही."
हे म्हणजे काय, ते त्यानं उच्चारलं नाही.
मीही नाही.

सुपरवायझरला विचारायची सोय नव्हती.
गार्डच्या डोक्यात काहीतरी आहे, असं कळल्यावर
व्हिसा किती दिवस टिकतो,
ते नेगीला ठाऊक.
नेगी आता पौडीला असतो.

घरी सांगितलं, झोप जरा कमी आहे.
शालन म्हणाली, तळपाय घासा, काशाच्या वाटीनं.
काशाची वाटी इथं कुठली.
स्टीलच्या चमच्यानं घासले तीन रात्री.
चमच्याचा दोष नाही.

नंतर मी एका मित्रासाठी विचारू लागलो.
मंडळाच्या कार्यवाहांनी
आधी गणपतीच्या वर्गणीत माझं नाव लिहून घेतलं,
मग म्हणाले, तुमच्या मित्राला प्राणायाम करायला सांगा.
लाँड्रीवाला म्हणाला, मित्राचं लग्न झालंय का?
फार्मसीतल्या माणसानं नुसतं माझ्या हातांकडे बघितलं
आणि सर्दीचं औषध दिलं.

गेट नंबर दोनचा नरबहादूर घर्ती
कधी काही बोलत नाही.
बावीस वर्षं गुरखा पलटण,
चहा उभ्यानं पितो, पाठ भिंतीला लावून.
त्यानं बिस्किटाच्या पुड्याचा कागद फाडला,
त्यावर लिहिलं: फलज अल कबाइल,
टायरच्या दुकानावर, दुसरा मजला, बुधवार.
म्हणाला, "मेरा भी एक दोस्त जाता है वहाँ."
आणि टॉर्च घेऊन फेरीला गेला.

शेअर टॅक्सी, तीनशे बैसा.
जिन्यात रबराचा वास.
डॉक्टर शाहिना अल बलूशी,
माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची,
हिंदी आमच्यासारखीच, मोडकी, पण न थांबणारी.
माझ्या मागं, दाराकडं बघत विचारलं,
दोस्त को लाए?

खुर्चीत बसल्या बसल्या
माझ्या टाचा जुळल्या.
"हाजिर है," म्हटलं.

गोळी दिली नाही तिनं.
कोल्ड स्टोरेजच्या दाराचं हँडल
कुठल्या हातानं उघडता, एवढंच विचारलं,
आणि मी पाऊण तास बोललो.
काय बोललो ते टायरवाल्यांना विचारा, खिडकी उघडी होती.
पैसे देताना नोटा दोनदा मोजल्या,
दोन्ही वेळा चुकलो.

बरं झालो, असं मी म्हणत नाही.
काल रात्री दोनला दार उघडलं. उणे अठरा.
होता.
म्हटलं, वरुटे, पुढच्या बुधवारी
तुझं नाव सांगायचंय तिथं, पूर्ण, नंबरासकट.
नंबर पाठ आहे मला.
वडिलांचं नाव काही केल्या आठवेना.

शालनला विचारायला सांगतो.
त्यांच्या गावची एसटी
आमच्या फाट्यावर पाच मिनिटं थांबते.