सतरा परस

निझव्याच्या कॉलेजात दर सप्टेंबरला
पहिल्याच तासाला मी फळ्यावर लिहिते :
खुल्या ज्ञानकोशाचा संदर्भ चालणार नाही.
मुली उतरवून घेतात, मान डोलावतात
आणि घरी जाऊन तोच उघडतात.
मीही उघडते,
रात्री, एसीच्या घरघरीत, दुसऱ्याच नावाने,
कुणाचा तरी स्वल्पविराम जागेवर बसवायला.

जुवैनाच्या निबंधात तळटीप चौथी :
'फलज सुवैहची आई-विहीर सतरा मीटर खोल.'
खाली ज्ञानकोशाचा दुवा.
लाल पेनाने रेघ मारली,
समासात लिहिलं, 'स्रोत?'
आणि प्रश्नचिन्हाखाली टिंब देताना
हात थांबला.
वाक्य ओळखीचं होतं.
माझंच होतं.

अकरा वर्षांपूर्वी. नवी होते,
अरबी मोडकं, उत्साह दांडगा.
खजुरीच्या सावलीत एक म्हातारा पाटकरी
पाण्याच्या पाळ्या बोटांवर मोजत बसलेला,
कुणाला एक अथर, कुणाला अर्धा.
आई-विहीर किती खोल, मी विचारलं.
म्हणाला, सतरा कामा.
कामा म्हणजे एक उभा माणूस, टाचेपासून टाळूपर्यंत.
म्हणजे आमच्या साक्रीकडचा परस.
पांझरेच्या पाटावर वाढलेल्या मला
हे कुणी समजावायला हवं होतं?
वडील विहिरींविषयी बोलले ते परसातच.
पण कीबोर्डवर बोटं फार शिकलेली झाली होती.
लिहून गेले : मीटर.

मग त्या वाक्याला पाय फुटले.
आधी पर्यटकांसाठीच्या एका घडीपत्रिकेत गेलं,
तिथून एका जाडजूड पुस्तकात,
गुळगुळीत कागद, पान दोनशे सहा.
आणि तीन वर्षांनी कुणा भल्या माणसाने
ज्ञानकोशात माझ्याच वाक्यामागे
आधार म्हणून ते पुस्तक लावलं.
पाणी उताराने गेलं
आणि फिरून उगमातच येऊन पडलं.
कुठल्या पाटाला हे जमलेलं मी पाहिलेलं नाही.

जुवैनाने निबंध सुधारून आणला.
तळटीप चौथी : पुस्तक, प्रकाशक, पान दोनशे सहा.
नियमात चोख.
पैकीच्या पैकी द्यायचे आणि गप्प बसायचं,
एवढंच होतं.
मी सगळं सांगून टाकलं.
ती हसली नाही, रागावलीही नाही.
म्हणाली, मिस, आजोबांकडे दोर आहे.

शुक्रवारी नमाजानंतर ते गेले,
खल्फान आजोबा, ती, आणि विजेरी धरायला धाकटा भाऊ.
रविवारी दोर माझ्या टेबलावर आला,
ओलसर, शेळ्यांच्या वासाचा,
दर कामाला एक गाठ.
गाठी सतरा, वर एक वीत.
व्हरांड्यात अंथरून आम्ही टेपने मोजला.
एकोणतीस मीटर, चार बोटं.
शिपाई म्हणाला, फरशी पुसलेली आहे हो.

रात्री मी दुरुस्ती केली.
सकाळी ती उलटवलेली होती.
कुठल्याशा देशातल्या कुणा सभ्य माणसाने
नम्रपणे विचारलं होतं :
छापील पुस्तक सतरा मीटर म्हणतं. आपला स्रोत?

काय लिहू?
दोर. खल्फान बिन हमूद यांच्या कोठीतला.
आवृत्ती एकच. पानं नाहीत.

त्याचंही चुकलं नाही.
मीही दरवर्षी हेच विचारते, लाल शाईने,
आणि उत्तर कुणाच्या कोठीत टांगलेलं असेल
हे विचारायचं राहून जातं.

जुवैनाची चौथी तळटीप आता अर्ध्या पानाची झालीय.
कोण काय म्हणालं, कुणी काय ऐकलं,
कुणी छापलं, कुठल्या दिवशी कुणी दोर सोडला,
पाण्याला दगड लागल्याचा आवाज कुणी ऐकला.
माझंही नाव आहे तिथे,
एक अक्षर चुकलेलं.
त्यावर मी अजून पेन फिरवलेलं नाही.