चहाची वही

आमगावच्या पुढे, रेल्वे फाटकापल्याड,
उकड्या तांदळाची गिरणी. तिथल्या काट्यावर मी.
ट्रक तोलतो, पावती फाडतो
आणि चहाची वही लिहितो. ती जुन्या मुनीमजीनं
जाताना हातात ठेवली होती, एवढंच.

त्या वहीला आता नंबर आहे : पुरावा क्रमांक सतरा.

मालकाच्या केबिनमध्ये पडदा, पडद्यात तीन पंच,
सिंगापुरात बसलेले. बाईंच्या खांद्यावर शाल.
माझ्या मागं बॉयलरची शिटी, कोंड्याचा धूर.
नागपूरचा दुभाषी माझं बोलणं
धुऊन, इस्त्री करून पलीकडे पाठवत होता.

वाद असा : कोटोनू बंदरात बारा हजार टन उतरले
आणि सल्लागार म्हणे, माझे उरलेले सात टक्के द्या.
करारात कलम होतं, सही होती, दुबईचं खातं होतं.
सल्ला काय दिला, ते कुठंच नव्हतं.

बाईंनी विचारलं, हे गृहस्थ गिरणीत कधी आले होते?
मी म्हटलं, वही पाहा जी.
तीन वर्षांत जो आला त्याचा कप लिहिला आहे.
ओलावा मोजणारा रहांगडाले, रोज दोन, बिनसाखरेचे.
बॉयलर तपासनीस, सोबत भजी.
देवीची वर्गणी मागणारे सात.
भुशातला नाग धरायला आलेला बोपचे,
अर्धाच, हात थरथरत होता म्हणून.
ह्या साहेबांच्या नावावर एक घोट नाही.

दुभाष्याला ‘घोट’ अडला. मग तिकडे कुणीतरी हसलं.

मला वाटलं, जिंकलो.
तेवढ्यात कडेच्या म्हाताऱ्या पंचानं चष्मा काढला
आणि धुऱ्याच्या भांडणात जुनं माणूस विचारते
तसं मालकाला हळूच विचारलं :
पहिले दोन हप्ते तुम्ही दिलेत. ते कशाचे?

मालक टेबलावरचे नमुन्याचे दाणे
बोटानं सारखे करत राहिले.
तिथल्या खात्याच्या साहेबाचा मेहुणा आहे तो,
मला मालूम होतं. काट्यावर सगळं कळते.
मला कुणी विचारलं नाही.

निवाडा चार महिन्यांनी आला, एकशे बारा पानं.
दुभाष्यानं फोनवर सांगितला :
त्याला पुढचं काही नाही, तुम्हाला मागचं काही नाही.
लाचेची वसुली लवाद करून देत नाही, दोघांनाही.

वही वकिलाच्या कपाटातून परत आली, पाठीवर शिक्का.
शेवटचं पान त्याच दिवसाचं, माझ्याच हातचं :
दुभाषी, दोन.
पंच, तीन. हे लिहून खोडलेलं.
मालक, एक. घेतला नाही.
माझा लिहायचा राहिला.