विनंत्यांची वही

दर शुक्रवारी दुपारी चारला
आमच्या गल्लीत भगिनींची प्रार्थना असते.
सतरंजी मी घालते. वही माझ्याकडे,
निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी.
कुणाचा गुडघा, कुणाची नोकरी,
कुणाच्या लेकाची दारू, कुणाचा जावेशी अबोला,
सगळं सुवाच्य लिहून घेते
आणि तुझ्यापुढे वाचते, प्रभू,
रेशनच्या यादीसारखं, न अडखळता.

या शुक्रवारी अडखळले.

उपवासकाळ चाललाय. मार्चातच सोलापूरचं ऊन असं
की पंखा नुसता गरम हवा ढवळतो.
कोरं पान शोधताना मागचं एक पान निघालं,
तीन वर्षांपूर्वीचं. माझं अक्षर नव्हतं ते.
तेलुगू वळणाचं, गोल गोल:
"माझा घरासाठी प्रार्तना करा."
खाली नाव नाही.

नाव कशाला हवं होतं?
त्याच अक्षरातली किराणा-यादी
आमच्या फ्रिजवर चिकटलेली असायची.

त्या दिवशी मी वाचलं होतं,
"एका बहिणीच्या घरासाठी."
आणि डोळे मिटून मागितलं होतं,
"प्रभू, तिला सहनशीलता दे."
बायका म्हणाल्या, आमेन.
तीही म्हणाली असेल, कोपऱ्यात, पदर गालावर ओढून.
गाल का झाकलाय
ते मला माहीत होतं.

श्यामला.
भाकरीला 'तो' म्हणायची, आम्ही हसायचो.
तिच्या आईच्या बोटांना तंबाखूचा वास,
म्हणून त्यांचा कप मी वेगळा विसळायचे.
महिन्याच्या पहिल्या रविवारी
एकाच प्याल्यातून पिणारे आम्ही.

आणि रूबेन. माझा.
चादरीच्या कारखान्यात धागा तुटला
की माग आपोआप थांबतो, तोच सांगायचा कौतुकानं,
बारीक पत्ती पडते आणि खटखट बंद.
आमच्या घरात काय काय तुटलं
आणि काहीच थांबलं नाही.
भिंतीपलीकडून आवाज आला
की मी स्तोत्रं मोठ्यानं वाचायला लागायचे.

समुपदेशन केंद्रातल्या बाईंनी विचारलं तेव्हा
पवित्र शास्त्र पिशवीतच होतं.
"माझा मुलगा हात उगारत नाही."
सही केली. सुवाच्य.

पेत्रासाठी कोंबडा लगेच आरवला, प्रभू.
माझ्यासाठी तीन वर्षं लागली.

काल विडी घरकुलात गेले, दोन बस बदलून.
तिची आई मांडीवर सूप घेऊन वळत बसलेली.
उठली नाही. बोटं थांबली नाहीत.
चौतीस वर्षं प्रार्थना चालवणारी बाई मी,
पाठ करून गेले होते काय बोलायचं.
तोंडातून एवढंच आलं:
"मी बघितलं होतं. मी खोटं बोलले."

श्यामलानं पाणी दिलं.
क्षमा केली असं म्हणाली नाही.
मीही "परत ये" म्हणाले नाही, ते बरं झालं.
नात दाराआडून बघत होती,
मला ओळखायचं की नाही ते ठरवत.
पेला विसळायला उठले
तर आईनं हातातून काढून घेतला.

आता ही माझी विनंती, नावासकट:
मनोरमा शांतवन रणभिसे, वय त्रेसष्ट.
या शहराला बरं कर, असं लिहिणार होते,
भोंगे बंद पडल्यापासून घराघरांत
जे साठलंय त्याला.
पण मोठे शब्द हल्ली मला परवडत नाहीत.
तर रूबेनचा हात.
सभास्थानातल्या त्या माणसासारखा आधी वाळू दे हवा तर,
मग बरा कर.
माझी जीभ बरी कर.
आणि भिंतीअलीकडे बसून स्तोत्रं वाचणाऱ्या
या गावातल्या जेवढ्या आया असतील,
त्यांच्या सुनांना
सहनशीलता देऊ नकोस.

सोमवारी अकराला केंद्र उघडतं.
जबाब बदलायचाय.
रूबेनला सांगितलं सकाळी.
तो बोलला नाही, जेवलाही नाही.
ताट झाकून ठेवलंय.