झडती

अडतीस वर्षं रोज संध्याकाळी
मी गेटवर हात वर केले.
नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात
यात कुणाला वावगं वाटत नाही.
डबा उघडायचा, चपला उलट्या करायच्या,
खिशाचं अस्तर बाहेर ओढायचं
सशाच्या कानासारखं.
मग शिपाई म्हणायचा, जा.
जवळ काहीच नाही, असं सिद्ध करून
मी घरी जायचो. ताठ मानेनं.

आत माझं काम चुका शोधायचं.
शाई फुटली, रेघ तुटली, आकडा केसभर सरकला
की लाल पेन्सिल. बाद.
डोळा इतका तयार झाला
की तो कामावरच काढून ठेवता येईना.
पोळीवर त्याला करपलेला ठिपका दिसायचा,
पोराच्या प्रगतिपुस्तकात नेमका भूगोल,
देवळात गेलो तर घंटेची झिजलेली कडी.
शालन एकदा म्हणाली,
"एखादं बंडल माझंही पास करा की."
मी हसलो.
तिनं ते हसण्यासाठी म्हटलं नव्हतं,
हे कळेपर्यंत पेन्शन सुरू झाली होती.

आता पहाटे कानटोपी घालून
चेहेडीच्या पुलापर्यंत जातो.
सोबत दगू वाघचौरे, मशीन खात्यातला,
डाव्या कानानं बहिरा, म्हणून मी कायम उजवीकडे.
दारणेच्या पाण्यावर वाफ असते.
बागांवरून औषधाचा उग्र वास येतो
आणि त्याच्याच पाठीमागून ओल्या मातीचा.
दगू खिशातून सोलाणे काढतो,
अर्धे मला देतो, न मोजता.
आयुष्यभर मोजत आलेली दोन माणसं
टरफलं उडवत चालतात.
फारसं बोलत नाही आम्ही.
बोललो तरी गुडघ्यांवर.

परतीच्या वाटेवर हौसाबाई पाटी मांडून बसते.
परदेशी जाणाऱ्या पेट्यांतून निघालेली द्राक्षं,
घड विरळ, मणी बारका, सालीवर डाग.
"बाद माल हाय सायेब, पण खाऊन तर बघा."
बाद हा शब्द दुसऱ्याच्या तोंडून
मी पहिल्यांदाच इतका प्रेमानं ऐकला.
गोड होती.
म्हणजे सगळी नाही, चार-दोन आंबट निघाली,
तीही खाल्ली.

पैसे देताना तिनं एक नोट पुढं केली.
"ही कुणी घेईना. बघा, खरी हाय का?"
मध्ये चिकटपट्टी, कोपऱ्यात हळद,
पेनानं लिहिलेला कुणाचा तरी फोन नंबर.
मी ती उन्हात धरली. जुनी सवय.
धागा होता. पाणचिन्ह होतं.
कोरी असताना कदाचित
माझ्याच टेबलावरून गेली असेल,
मग किती दळणं, किती तिकिटं, किती औषधं
या एवढ्याशा कागदानं ओढून नेली असतील
आणि मी मात्र तिची कड सरळ आहे का
एवढंच पाहिलं होतं.
"अस्सल आहे," म्हणालो,
आणि माझी धड नोट तिला देऊन
ती मी ठेवून घेतली.

रिकाम्या खिशाचा मला अभिमान होता, अजूनही आहे.
त्या दारातून मी कधी काही नेलं नाही.
पण चालता चालता वाटलं,
काही न चोरणं वेगळं
आणि घरी कधीच काही न आणणं वेगळं.
दगूला हे सांगितलं.
तो म्हणाला, "काय?"
दुसऱ्यांदा सांगण्याइतकं ते मला नीट जमलं नाही.

घरी शालन धुणं भिजवत होती.
"सदरा द्या," म्हणाली, आणि मग खिसे चाचपले,
मी उभाच होतो, हात आपोआप वर.
सोलाण्याची टरफलं निघाली,
द्राक्षाचा देठ,
चिकटपट्टीची नोट.
"हे काय?"
काय सांगणार.
पिशवी पुढं केली. तिनं एक मणी तोंडात टाकला,
डोळा बारीक केला.
"आंबट," म्हणाली,
आणि दुसरा घेतला.