पडतर

माझा हिशोब सोपा होता:
सहा, नऊ, पाच, सात, आठ, दहा.
बेरीज पंचेचाळीस, भागिले सहा.
साडेसात.
शिष्यवृत्तीच्या फॉर्मला हवेत तेवढेच, किमान साडेसात.
सायन्स फॅकल्टीपासून रावपुऱ्यातल्या दुकानापर्यंत
सायकलची चेन दोनदा पडली, तरी हसतच आले.

बाबांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला.
‘हे शेजारी चार चार, दोन दोन काय?’
क्रेडिट, म्हटलं. कुठला विषय किती मोठा, ते.
‘म्हणजे वजन. मग ते धरलंस कुठे?’

अकरावीत शाळा सुटलेला माणूस,
तीस वर्षं आसाम आणि डस्ट एकत्र करून
मिसळणीचा भाव काढतोय.
‘चार किलो पाचाने घेतला, दोन किलो दहाने,
तर पडतर साडेसात सांगशील?
बाजारातून उठवतील, सुमेधा.’

बिलबुकाच्या पाठीवर पेन्सिल सुरू झाली,
ओठांतल्या ओठांत पाढे.
गणित, चार सक चोवीस.
संख्याशास्त्र, चार नवे छत्तीस.
रसायन,
इथे पेन्सिल थांबली,
चार पाचे वीस.
भौतिक, चार साते अठ्ठावीस.
‘रंगुभाई, अढीसो कडक आपजो!’
जिग्नाबेनना पुडी बांधून दिली, सुट्टे परत केले,
मी मनात म्हणत होते, विसरू देत.
विसरले नाहीत.
इंग्रजी, बे आठे सोळा.
पर्यावरण, बे दाहे वीस.

एकशे चव्वेचाळीस. भागिले वीस किलो.
सात पूर्णांक दोन.

त्या दहावर मी किती उड्या मारल्या होत्या!
दोन क्रेडिटचं पर्यावरण,
झाडांची चित्रं चिकटवलेली वही.
‘चांगला माल आहे,’ बाबा म्हणाले, ‘पण थोडा आहे.’

मी काहीच बोलले नाही.
डब्यांची झाकणं उगाच घट्ट करत राहिले.
रसायनच्या पेपराआधी नऊ दिवस
याच गल्ल्यावर मी बसले होते.
सयाजी हॉस्पिटलात त्यांच्या नाकात नळी,
इथे माझ्या मांडीवर पुस्तक,
दर पानाला एक गिऱ्हाईक.
हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही.
निदान मी तरी नाही.

त्यांनी पुन्हा पेन्सिल उचलली.
समासात, बेरजेपासून लांब,
चहाच्या पेटीवर लिहितात तशा बारीक अक्षरात लिहिलं:
घट, नऊ दिवस.
मग त्या ओळीभोवती चौकट काढली
आणि ती कशातच मिळवली नाही.
पान फाडून माझ्या हातात दिलं.
‘भाव सातदोनच सांगायचा.’

दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी उभी राहून फॉर्म भरला.
दशांशानंतर दोन घरं होती.
सात, टिंब, दोन,
आणि उरलेल्या घरात शून्य.
ते मात्र जरा मोठं काढलं.