चाळीसपट संथ

दहानंतर आवाज नको,
असं जिन्यातल्या फळ्यावर लिहिलंय.
म्हणून कानांवर हेडफोन,
आणि ओउलूची फेब्रुवारीतली रात्र, उणे तेवीस,
समुद्रसुद्धा गोठून गप्प.

काइसूने गालिचा नेला.
तिच्या आईचा होता, न्यायलाच हवा होता.
पण तेव्हापासून खोलीला घुमारा आलाय:
चमचा ठेवला तरी भिंती दोनदा सांगतात.
असा घुमारा विकत घ्यायला गेलो असतो
तर महिन्याचं भाडं गेलं असतं.

सिंथेसायझर जुना, केमीच्या एका दंतवैद्याकडून घेतलेला.
मधली एक पट्टी मुकी.
आधी बोट तिथे चुकून जायचं,
हल्ली मुद्दाम जातं.

शुक्रवारी सात ते आठ इमारतीची सौना आमची.
तळघरातल्या यादीवर अजून दोन नावं,
काइसू आणि ओस्मो, पेन्सिलीने, तिच्या अक्षरात.
मी एकटा जातो.
दगडांवर दोघांचं पाणी ओततो,
फोन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून
तो चर्रकन उठणारा आवाज वर घेऊन येतो.
कापला, घासला, उलटा फिरवला.
आता तीच माझी झांज.

शेवटचा निरोप अकरा सेकंदांचा:
किल्ल्या दाराच्या फटीतून टाकल्यात.
लहान ती तळघराची.
अडते.
थोडी वर उचलून फिरव.

बस. एकोणीस वर्षांचा हिशेब
तळघराच्या किल्लीशी येऊन थांबला.

पहिल्या रात्री निरोप दुप्पट संथ केला.
ती प्यायल्यासारखी वाटली. मी हसलो,
मग माझीच मला लाज वाटली.
दसपट केला: कुणीतरी पाण्याखालून बोलतंय.
चाळीसपटीला शब्द संपले.
‘किल्ल्या’ म्हणजे नुसती मालगाडी,
पुलावरून जातेय, जातेच आहे,
आणि ‘अडते’च्या आधी
एक श्वास सापडला.
अर्ध्या मिनिटाचा.

तो मी कितीदा ऐकला ते विचारू नका.
काही म्हणणार होती का?
की जिन्यात गारठा होता,
फोन खांद्याशी दाबून ती हातमोजे शोधत होती?

आणि मला हे तंत्र माहीत आहे, हीच तर पंचाईत.
दिवसा मी म्हाताऱ्यांच्या कानांत श्रवणयंत्रं बसवतो.
आवाज ताणताना जिथे तो पुरत नाही
तिथे यंत्र आजूबाजूचे कण उचलून भर घालतं.
म्हणजे त्या श्वासातला तिचा किती,
आणि यंत्राने पदरचा घातलेला किती,
हे वेगळं काढता येत नाही.
मी प्रयत्न केलाय.

काल लिफ्टमध्ये खालच्या लेम्पीबाई भेटल्या.
‘ओस्मो, रात्री काहीतरी ठकठकतं.
कानातलं काढून ठेवलं की मगच कळतं,
पलंगाच्या पायांतून येतं.’
मी म्हटलं, शक्य नाही, मी हेडफोन लावतो.
त्या माझ्या मोज्यांकडे बघत राहिल्या.
‘पाय असेल तुझा,’ म्हणाल्या. ‘राहू दे. झोप लागते त्याने.’

आणि मी समजत होतो
या तुकड्याला ठेकाच नाही.

आज टाचेखाली माइक चिकटवलाय.
खरंच आहे. ओबडधोबड,
मध्येच एक ठोका गाळणारा,
पण आहे.

पावणेपाच. अंगणात बर्फ उपसणारी गाडी येते,
मागे जाताना पींपीं करते, एकाच स्वरात,
माझ्या षड्जापेक्षा केसभर वर.
तीन महिने मी तिला शिव्या घातल्या.
आज हेडफोन काढतो, खिडकी बोटभर उघडतो,
गारठा आत येतो, गाडीही येते.
सगळे ट्रॅक एकदम निवडून
बटणावर दोन बोटं ठेवतो.

अडतं.
थोडं वर उचलून फिरवतो.