कसं रे

सगुणला पाणी कुणी शिकवलं नाही.
पाचव्या वर्षी मानशीच्या दारावरून पडला
आणि पलीकडच्या बांधावर उभा राहिला
चड्डी पिळत,
जणू रस्ता ओलांडून आला.
मी दोन वर्षांनी मोठी. काठावर.
"कसं रे?"
"कसं म्हणजे? पडायचं."

तेवढंच त्याला सांगता यायचं.
मी एकदा तेवढंच केलं.
केसांना धरून ओढून काढलं, तेही त्यानंच.
घरी म्हणाले, हिच्या अंगात नाही ते.
अंगात नाही, म्हणजे
दिवाडीच्या फेरीत मधोमध उभं राहायचं,
स्कूटरींच्या गर्दीत,
नदी दिसणार नाही असं.

बेचाळिसाव्या वर्षी कांपालच्या तलावात नाव घातलं.
सोबत दुधाचे दात पडलेली पोरं,
आणि शिट्टीवाल्या लुर्दीन मिस.
त्यांनी मला पाण्याचे तुकडे करून दिले.
चार दिवस नुसते बुडबुडे.
मग कठडा धरून पाय.
मग मान: "सैल सोड, बाई,
डोकं पाण्यानं धरायचं, तू नाही."
कोपर कुठे, तळवा कसा, श्वास कुठल्या कुशीला,
सगळं मी सोसायटीच्या जुन्या पावतीपुस्तकामागे लिहायची.
सगुण खो खो हसला. पोहणं, पावतीवर!
अकराव्या महिन्यात एक अख्खी लांबी.
बाहेर आले तेव्हा गुडघे लटपटत होते
आणि बघायला कुणी नव्हतं.

गेल्या वर्षी सगुणची उजवी बाजू गेली.
डॉक्टर म्हणाले, पाण्यात उतरवा.
छातीएवढ्या पाण्यात तो
डाव्या हातानं कठडा आवळून उभा.
हे तोंड मला ओळखीचं होतं.
"कसं गे?" म्हणाला.
जन्मात पहिल्यांदा.

मी त्याच्या मानेखाली हात दिला.
एकला श्वास, दोनला मान, तीनला पोट वर.
तो कुठे अडणार ते आधीच कळत होतं,
मी तिथेच तर अडले होते, महिनामहिना.

नवव्या दिवशी हाताला वजन लागेना.
तो वाकडा तरंगत होता,
डाव्या कुशीवर कलून,
दोर सुटलेल्या होडीसारखा;
असलं काही माझ्या पावत्यांवर नाही.
मला तर अजून मोजावं लागतं.

"कसं रे?" मी विचारलं.
तो आभाळाकडे बघत राहिला.
"थांब," म्हणाला,
"सांगतो. बघू दे जरा."